तानपुऱ्यावर कोण होतं

अनुया म्हणाली, "काका, पण तानपुरा तर बंद होता," आणि मी वाचता वाचता होतो तिथेच थांबलो. रविवार, सकाळचे साडेदहा, बदलापूरच्या खरवईतलं अनुयाचं नवं घर, चौथा मजला, चहा पिऊन झालेला. मांडीवर श्रवण मंडळाची वही होती आणि आदल्या शनिवारी अंबरनाथला झालेल्या, तेजस्वी नावाच्या गायिकेच्या मैफलीचं टिपण मी नऊ माणसांना वाचून दाखवत होतो, गेली बेचाळीस वर्षं दाखवत आलोय तसंच. ते वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचलं होतं, कारण ते माझं मलाच आवडलं होतं. 'पूरियाधनाश्रीच्या विलंबितात तेजस्वी मंद्रात उतरली तेव्हा मागचा तानपुरा असा भरून आला की दोन स्वरांमधली जागा रिकामी म्हणून राहिली नाही. खर्जानंतर तो क्षणभराचा विसावा, मग पुन्हा पंचम. जुन्या बैठका आठवल्या.' अनुया आमची सेक्रेटरी, वय एकतीस, स्वतः गाणं शिकते, आणि कुणाला पाडून बोलण्याचा तिचा स्वभाव मुळीच नाही. तिला वाटलं मला कळलं नसावं, म्हणून तिनं आणखी समजावलं. "म्हणजे सुरुवातीची दहा-बारा मिनिटं होता. मग ती तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी मेली. तेजस्वी मला नंतर म्हणाली ना, पुढचा अख्खा विलंबित तिनं नुसत्या हार्मोनियमवर ओढला. मंद्रात तर अंदाजानंच उतरली म्हणे." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मीही हसलो असतो आणि विषय संपला असता. त्याऐवजी कैलासनं चिवड्याची बशी माझ्यापुढे सरकवली आणि स्पीकरमध्ये घुमतं कधीकधी, असं काहीतरी म्हणाला. कैलास माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आणि माझ्या टिपणातल्या चुका काढणं हा त्याचा आवडता उद्योग. तो मला सांभाळून घेतोय हे लक्षात आलं तेव्हा मला भीती वाटली. "हो का, मग दुरुस्त करू तेवढं," मी म्हणालो आणि पुढचं वाचून टाकलं.

श्रवण मंडळ ब्याऐंशी साली अंबरनाथला आमच्या कंपनीच्या कॉलनीत सुरू झालं. मी तिथे लॅबमध्ये ऑफिसर होतो आणि मंडळ काढणारे भीमराव प्लांटवर फोरमन. देशावरच्या शेतकरी घरातले, गाणं कुणाकडे शिकलेले नाहीत, पण कान असा की मशीनच्या आवाजावरून बेअरिंग कधी जाणार ते सांगायचे. दिवसा मला साहेब म्हणायचे आणि बैठकीत श्यामकांत. मैफली काय, सगळीकडेच होतात. भीमरावांचं म्हणणं असं की खरी मैफल नंतरच्या रविवारी होते. तिला त्यांनी नाव दिलं सांगणी. कुणाच्या तरी घरी दहाला जमायचं, चहा होईपर्यंत गाण्याचा विषय काढायचा नाही, मग ज्यानं त्यानं आपण काय ऐकलं ते सांगायचं, आणि शेवटी मी लिहून आणलेलं टिपण वाचायचं. टेप लावायला बंदी. पुढे मोबाइल आले तेव्हा मोबाइललाही बंदी. 'झालं काय ते झालं, आपण ऐकलं ते लिहायचं,' हे भीमरावांचं वाक्य पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. एकदा कुणीतरी म्हणालं की गाणं इतकं चढलं की रात्रभर झोप आली नाही, तर भीमराव म्हणाले, ते गाण्यानं की इंटरव्हलमधल्या तीन कप चहानं, ते आधी ठरवा. अशी ती माणसं. त्यांच्यासमोर वाचायचं म्हणजे शब्द तोलून मापून आणावा लागायचा, आणि मी आणत होतो. कंपनीत माझ्या नावावर काय आहे, तर एका द्रावणाची चाचणी चार मिनिटांनी कमी केली. ती कंपनीही आता बंद पडली. माणूस म्हणून माझी जी काही ओळख अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तीन गावांत आहे ती एवढीच की श्यामकांतनं ऐकलं म्हणजे ऐकलं. भीमराव गेले त्याच्या आधी आठ दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं आणि परवाची मैफल सांग म्हणाले. मी तासभर सांगितली, ते डोळे मिटून पडले होते, आणि मी थांबल्यावर म्हणाले, आता मला मैफलीला गेल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला सांगत नाही, पण रविवारी खरवईहून घरी चालत येताना मला तेच आठवत होतं. माझा कानच खोटा निघाला तर त्या माणसाला मी शेवटी काय ऐकवलं, आणि आता उरलोच तर मी कोण म्हणून उरतो.

घरी मीनलनं दार उघडलं आणि तोंड बघून काय झालं विचारलं. मी सांगितलं नाही. जेवताना सांगितलं. बायकोला पन्नास वर्षांत एवढं कळतं की विचारून उपयोग नाही, वाढत राहायचं. ती म्हणाली, "अहो, गेलं वर्षभर मी सांगतेय, कान दाखवून या. कुकरच्या शिट्ट्या मी मोजते आणि तुम्ही विचारता झाल्या का म्हणून. टीव्हीचा आवाज एवढा मोठा की खालचे लोक आपल्या बातम्यांवर जगतात." मी म्हणालो की न ऐकू येणं वेगळं आणि नसलेलं ऐकू येणं वेगळं, हे बहिरेपणाचं लक्षण नाही. "मग ते कशाचं आहे?" तिनं विचारलं. चिडून मी ताटावरून उठलो, म्हणजे भात संपलेलाच होता. खोलीत जाऊन आडवा झालो आणि ती मैफल पहिल्यापासून डोळ्यांपुढे आणली. शाळेचा हॉल, पंखे बंद केलेले, पुढच्या रांगेत कुणाच्या तरी मोगऱ्याचा वास, तेजस्वीची निळी साडी. मी तिसऱ्या रांगेत उजव्या टोकाला, कारण हल्ली उजवीकडे बसलं की डावा कान समोर येतो आणि बरं पडतं. हे मी मीनललाही सांगितलेलं नाही. तेजस्वी विलंबितात मंद्र निषादावर उतरली, आणि मागून तानपुरा होता. होताच. मी शपथेवर सांगेन. पण तो कुठून येत होता, असं स्वतःला विचारलं तेव्हा मात्र अडलो. पेटी होती स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात, स्पीकरला टेकून. माझा तानपुरा येत होता डावीकडून, गायिकेच्या खांद्याच्या मागून, थोडा खालून, कुणीतरी जमिनीवर बसून छेडावा तसा. आणि तो विसावा. ती पेटी कधी विसावा घेत नाही. चार तारा सारख्या अंतरानं टिपत जाते, घड्याळासारखी, म्हणून तर मला ती कधी आवडली नाही. खर्जाच्या तारेनंतर अर्धा श्वास थांबून मग पंचमाला हात घालणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं होतं. ते आठवलं आणि मी पलंगावर उठून बसलो.

कुमुदिनीताई. उल्हासनगरच्या कॅम्प पाचला राहायच्या, तिथल्याच एका मराठी शाळेत शिकवायच्या, आणि आमच्या बैठका सुरू झाल्यापासून प्रत्येक गायकाच्या मागे तानपुऱ्यावर त्या. गोधडीच्या कापडाची गवसणी त्यांनी स्वतः शिवली होती, त्यात गुंडाळलेला तो तानपुरा रिक्षात आडवा घालून, स्वतः कडेला अंग चोरून बसून, त्या मैफलीच्या तासभर आधी यायच्या. आल्या की कोपऱ्यात बसून जुळवायला लागायच्या. आम्ही सतरंज्या टाकत असायचो, माइकवाल्याशी भांडत असायचो, आणि हळूहळू त्या खोलीतला गोंगाट आपोआप खाली यायचा. लहानपणी कधीतरी त्यांचं उजव्या हाताचं मधलं बोट दारात चेंगरलं होतं, ते वाकडंच राहिलं. पंचमाची तार वाजवायची ती मधल्या बोटानं, बाकीच्या तिन्ही पहिल्या बोटानं. म्हणून खर्ज वाजवून झाल्यावर ते वाकडं बोट पंचमापर्यंत आणायला त्यांना एक कणभर जास्त लागायचं. चुकीचंच म्हणायचं ते. पण त्या कणभरात गाणारा दम घ्यायचा आणि आम्हीही घ्यायचो, आपण घेतोय हे कळायचंसुद्धा नाही. शहाऐंशीच्या सुमाराला पुण्याहून एक मोठे गवई आले होते, रागीट म्हणून प्रसिद्ध, तबलजीला भर मैफलीत टोकलं त्यांनी. संपल्यावर शाल-नारळ घेताना त्यांनी मला विचारलं, मागे तानपुऱ्यावर कोण होतं हो? त्या तेव्हा आत चहाचे कप विसळत होत्या. मी म्हणालो, आमच्याच एक बाई आहेत. ते अच्छा म्हणाले. मग त्यांची गाडी आली. हे एवढंच घडलं होतं, त्यात काही विशेष आहे असं तेव्हा मला वाटलं नव्हतं, आणि आता भर दुपारी अंथरुणात बसून माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दुपारी मी कपाटातून वह्या काढल्या. सात वह्या आहेत. पहिल्या चार म्हणजे ब्याऐंशी ते दोन हजार पाच, त्यांचा काळ. मी पान अन् पान वाचलं, चष्मा दोनदा पुसून. गवयांबद्दल काय लिहिलंय, एकेकाच्या तानांवर अर्धं अर्धं पान. तबलजी, हार्मोनियमवाले, सगळे नावानिशी. एका माइकवाल्याचंसुद्धा नाव आहे, त्यानं घुमू दिलं नाही म्हणून. तानपुऱ्याबद्दल आहे, नाही असं नाही: 'तानपुरे सुरेल लागले होते.' 'तानपुऱ्यांनी वातावरण भारले.' जणू ते आपापले चालत आले, आपापले जुळले आणि आपापले वाजले. बावीस वर्षांत कुमुदिनी हे नाव एकदा आलंय, चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात. 'मध्यंतरात कुमुदिनीताईंनी आणलेले बटाटेवडे उत्तम होते.' मी ते वाक्य तीन-चारदा वाचलं. मग दोन हजार पाचची पानं. त्या जुलैच्या पुरात त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं आणि तानपुरा गेला, हे आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. मंडळानं काय केलं? मी दादरला गेलो आणि ती पेटी घेऊन आलो. सप्टेंबरच्या टिपणात माझ्याच हातानं लिहिलंय, 'नव्या पेटीमुळे मोठी सोय झाली. भोपळा वाहून आणण्याचा त्रास वाचला.' कुणाचा त्रास, तेही लिहिलेलं नाही. त्यानंतर दोन मैफलींना त्या आल्या होत्या, दुसऱ्या रांगेत, मांडीवर हात ठेवून. मग यायच्या बंद झाल्या, आणि गुडघे दुखतात असं आम्हीच आपापसांत ठरवून टाकलं. मीनल चहा घेऊन आली तोवर माझ्याभोवती वह्यांचा पसारा होता. मी तिला बटाटेवड्यांचं वाक्य दाखवलं. ती म्हणाली, "पेटी आली तेव्हाच आम्ही बायका बोललो होतो, बावीस वर्षं बसली बिचारी आणि कुणी नाव घेत नाही." मी म्हणालो, मग मला का नाही सांगितलंस. "सांगणीत आम्ही स्वयंपाकघरात असायचो ना. तुम्ही कधी हाक मारलीत, या गं, तुम्ही काय ऐकलंत म्हणून?" मीनल हे रागानं म्हणाली नाही, साखर ढवळत म्हणाली. मग म्हणाली, "जा ना आता. वह्या चाळून काय होणारे."

गेलो बुधवारी, सकाळी. चालू वही पिशवीत घातली. का घातली ते नीट सांगता येत नाही. दुरुस्ती करू असं मी मंडळात म्हणालो होतो, आणि ती मला घरी बसून करवत नव्हती. पेन उघडून तीनदा बसलो. वाक्य खोडायचं म्हणजे मी ऐकलं नाही असं लिहून द्यायचं, आणि तसंच ठेवायचं म्हणजे सगळ्या मंडळानं आयुष्यभर माझ्या म्हाताऱ्या कानांवर चिवडा सरकवत राहायचा. बदलापूरहून अंबरनाथ आणि तिथून दुसरी रिक्षा. रिक्षावाला कॅम्प पाचपर्यंत मला त्याच्या मेहुण्याच्या दुकानाबद्दल सांगत होता, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत. मी हं हं करत होतो आणि मनातल्या मनात घोकत होतो, काय बोलायचं. बाजार उघडत होता. दुकानांपुढे जीन्सच्या थप्प्या उतरत होत्या, दोऱ्यांच्या रिळांचे खोके, कुठूनतरी शिलाईच्या मशीनचा एकसुरी आवाज, तो मला ऐकू येत होता हे बघून बरं वाटलं. इमारत तीच होती, खोली फक्त आता वरच्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी एक सिंधी बाई लसूण सोलत बसली होती. "कुमू दादी के यहाँ? जाओ, दरवाजा खुला है. उठ नहीं पाती जल्दी, तो बुरा मत मानना." सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण, हे मला माहीत होतं. इथे चाळीस वर्षं त्या कुणाच्या तरी थोरल्या बहीण होत्या आणि आमच्याकडे एक बाई. मी कठड्याला धरून वर चढलो.

त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, चष्मा जाड, पण बसणं तेच, पाठ ताठ. मला बघून आश्चर्य वाटल्याचं त्यांनी दाखवलं नाही. "या श्यामराव. कोण गेलं?" त्यांनी विचारलं. कुणी गेलं नाही म्हणालो. "मग बरंय. हल्ली कुणी आलं की आधी तेच विचारते." टेबलावरच्या डब्यातून त्यांनी भाजलेला पापड काढून दिला आणि तांब्यातलं पाणी. "इथली पद्धत. आधी पापड-पाणी, मग बोलणं. मला आता आपलीच वाटते." मी पापड मोडला आणि त्याचा आवाज मला फार मोठा वाटला. कसं सुरू करावं कळेना, तेव्हा जे येतं तेच केलं. म्हटलं, परवा मैफल झाली अंबरनाथला, सांगू का? त्यांनी मान हलवली. मग मी सांगितली, सांगणीत सांगतो तशी, हॉलपासून, मोगऱ्यापासून. पूरियाधनाश्री आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, भीमरावांसारखे. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. तानपुऱ्यापाशी आलो आणि थांबलो. म्हणालो, "कुमुदिनीताई, तिथे तानपुरा नव्हता. पेटी बंद पडली होती. मला मात्र ऐकू आला. शेवटपर्यंत." आणि मग माझं मलाच थांबवता येईना. उजवा कान वर्षभर गेल्यात जमा आहे, घरी सांगितलं नाही, मंडळात सांगितलं तर वही जाईल, वही गेली तर मी काय करू, असं सगळं त्या बाईंपुढे बोललो, ज्यांची चौकशी मी एकोणीस वर्षांत केली नव्हती.  लाज वाटली, पण बोललो.

त्या शिक्षिका होत्या, मुलाचं रडून होईपर्यंत थांबायची त्यांना सवय असावी. मग म्हणाल्या, "तानपुरा कसा होता?" म्हणजे, मी विचारलं. "म्हणजे कसा वाजत होता? ऐकलात ना?" मी म्हणालो, डावीकडून येत होता, खालून. झणकार गोल, जवारीला कुठे खरखर नाही. खर्जानंतर कणभर थांबायचा आणि मग पंचम. त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला आणि ते वाकडं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं.  खाली ती सिंधी बाई कुणालातरी भाव सांगत होती. "लोकांना वाटायचं मी मुद्दाम थांबते," त्या म्हणाल्या. "पाणी शिरलं त्या रात्री मी त्याला कपाटावर ठेवला होता. सकाळी पाणी उतरलं तर भोपळा उकललेला, तारा मात्र सगळ्या जागेवर. मी एक छेडून बघितली. वेडेपणा." मी म्हणालो, आम्ही यायला हवं होतं. "हो. यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. असू द्या म्हणतील, जाऊ द्या म्हणतील, असं मला वाटलं होतं, पण तसलं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला ते योग्य वाटलं. मग मी वही काढली. तानपुऱ्याचं वाक्य वाचून दाखवलं. बटाटेवड्यांचंही सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यावर त्या हसल्या, अगदी मोकळ्या हसल्या. "वडे खरंच चांगले झाले होते त्या दिवशी."

मी विचारलं, "तुम्ही काय ऐकायचात? बावीस वर्षं?" हा प्रश्न सांगणीत प्रत्येकाला पहिला विचारतात, आणि त्यांना मी तो पहिल्यांदा विचारत होतो. त्या म्हणाल्या, "ऐकायचे कमी. मी पाठी बघायचे." आणि मग त्यांनी सांगितलं, आणि मी पापड हातात धरून ऐकत राहिलो. गवयाचं तोंड तुम्हाला, पाठ मला, त्या म्हणाल्या. वरचा षड्ज लावायच्या आधी पाठ सांगते, लागणार की नाही. ते पुण्याचे रागीट बुवा होते ना, त्यांचा सदरा पहिल्या पाच मिनिटांत घामानं भिजला होता, भीतीनं. म्हणून तबलजीवर ओरडले. मी पंचम जरा मोठा ठेवला मग, तेव्हा त्यांचे खांदे खाली आले. एक बाई गायला यायच्या, त्यांची मूल गेल्यावरची पहिली मैफल होती, कुणालाच माहीत नव्हतं, त्यांच्या मानेवरची शीर मी तासभर बघत होते. एकाच्या सदऱ्याची शिवण उसवलेली होती, मध्यंतरात मी सुई-दोरा दिला. त्या सांगत होत्या त्या सगळ्या मैफली मला पाठ होत्या, माझ्या वह्यांत त्या होत्या, तानांसकट, आणि त्यांतली एकही मी पाहिली नव्हती. त्या रागीट बुवांवर मी दोन पानं लिहिली होती, 'करारी बाणा' असे शब्द वापरून. मला भीमरावांची फार आठवण आली. ते असते तर मांडीवर थाप मारून म्हणाले असते, श्यामकांत, घ्या लिहून.

"त्या वाक्याचं काय करणार आहात?" त्यांनी वहीकडे बोट दाखवून विचारलं, त्याच बोटानं. मी म्हणालो, दुरुस्त करू असं अनुयाला म्हणालोय, ती आमची सेक्रेटरी, तानपुरा बंद होता हे तिनंच सांगितलं. खोडावं लागेल. त्यांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, "तार उतरली होती का कुठे?" नाही म्हणालो. "मध्ये बंद पडले का मी?" फक्त खर्जानंतर, मी म्हणालो, नेहमीसारखं. "मग खोडता कशाला? भीमराव काय म्हणायचे, ऐकलं ते लिहायचं. दुरुस्ती करायचीच आहे तर नाव राहिलंय ते घाला." मी पेन उघडलं. टिपणाच्या डोक्यावर जिथे गायन, तबला, हार्मोनियम अशी नावं असतात, तिथे हार्मोनियमच्या खाली बोटभर जागा होती. मी लिहिलं, तानपुरा, आणि पुढे दोन टिंबं. "पूर्ण लिहा," त्या म्हणाल्या. "कुमुदिनी वासुदेव खानोलकर. आणि ताई नको. पंडित नाही लिहीत तबलजीला, मग मला ताई कशाला." मी लिहिलं. त्यांनी वही हातात घेऊन, चष्म्याजवळ धरून ते तपासलं, शाळेची वही तपासावी तसं, आणि 'खानोलकर'च्या 'नो'चा काना जरा वाकडा गेला होता तो दाखवला. मी नीट केला.

वही मिटताना त्या म्हणाल्या, "पुढची सांगणी कधी आहे?" पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, म्हणालो, कैलासकडे. "माझ्याकडे ठेवा. जिना आहे, पण तुम्ही लोक चढाल. त्या मुलीला आणा, जिनं बंद होता म्हणून सांगितलं तिला. तिचा कान चांगला आहे, टिपण तिलाही लिहू द्या एखादं. कान गेले तर गेले, श्यामराव, माझं बोट तर आधीपासूनच गेलेलं होतं. मी सगळ्यांत आधी सांगणार, तुमच्यात बसून. पाठींचं सांगणार." हो म्हणालो. "आणि चहा तुम्ही करायचा." मी म्हणालो, मला येत नाही फारसा. "मग आज करून बघा," त्या म्हणाल्या. मी उठून त्यांच्या छोट्याशा स्वयंपाकघरात गेलो, पातेलं सापडलं, गॅस पेटवला, आणि चहाची पावडर कुठे ठेवता म्हणून तिथूनच विचारलं. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. मला ते ऐकू आलं नाही. आजवर अशा वेळी मी ऐकल्यासारखं करून सगळे डबे उघडत बसलो असतो. मी दारात आलो, डावा कान त्यांच्याकडे केला आणि म्हणालो, मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.